चुलीवर झोपणाऱ्या मुलीचा पालक

मी, लाव्रेंती तिमोफेयेविच, वय वर्षं त्र्याहत्तर, धंदा लाकडी होड्या बांधणं, राहणार वेर्बिना, डॅन्यूब नदी समुद्राला मिळण्याआधी शंभर फाट्यांत पसरून रेंगाळते तिथलं गाव, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, छातीही नाही. पण कायद्याला फक्त डोकं लागतं, असं नोटरीबाईंनी सांगितलं. मी हे कुणाच्या दडपणाखाली किंवा दारूच्या अमलाखाली लिहीत नाही. सकाळपासून नुसता चहा चालू आहे. बाहेर धुकं आहे आणि कालव्यापलीकडचं काहीही दिसत नाही, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जायची सोयही नाही.

माझ्यामागे घर, होड्या, हत्यारं यांवरून कुणी भांडलं तर खुशाल भांडू दे, मला ऐकू येणार नाही. मी हा कागद काढला तो उस्तिन्यासाठी. उस्तिन्या किरिलोव्हना, वय वर्षं बारा. न्यायालयाच्या हुकमाने मी तिचा पालक आहे. तिला आई नाही, बाप नाही, आणि माझी छाती तपासताना डॉक्टरांनी जो चेहरा केला त्यावरून लवकरच मीही नसेन. मग ही पोर कुणाकडे जाणार? कुणाचंच नाव पुढे आलं नाही तर शहरातल्या अनाथगृहात, चाळीस खाटांच्या खोलीत. नोटरीबाईंना मी म्हटलं, नाव लिहितो आणि मोकळा होतो. त्या म्हणाल्या, "आजोबा, मूल म्हणजे मिळकत नव्हे, ते मृत्युपत्रात देता येत नाही. पण तुम्ही नाव सुचवा. न्यायाधीश ते वाचतात." तर नाव सुचवायचं आहे, आणि ते अगदी शेवटच्या कलमात येईल. हे वाक्य लिहितोय तोवर माझं काहीही ठरलेलं नाही.

कलम पहिलं: घर. भिंती मातीच्या, छप्पर बोरूचं, खिडक्या निळ्या. हे घर उस्तिन्याचं. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस कालवा. दक्षिणेस वाळुंजाची चार झाडं. पश्चिमेस शेजारी सिदोर इव्हानोविच याचं कुंपण, जे त्याने दोन हात माझ्या बाजूला सरकवलं आहे आणि ते त्यालाही ठाऊक आहे. उत्तरेस काय आहे ते मला सांगता येत नाही. उत्तरेस बोरूचं तरंगतं बेट आहे. कधी असतं, कधी नसतं. वारा फिरला की ते निघतं, पाणकोंबड्यांसकट, आणि सकाळी सिदोरच्या दाराशी उभं असतं. त्या बेटावरचा बोरू कुणी कापायचा यावरून मी आणि सिदोर वीस वर्षं भांडतोय. एकदा तर आम्ही दोघेही त्याच्यावर उभे राहून भांडत होतो आणि भांडता भांडता ते हललं, आम्ही दोघेही चर्चच्या धक्क्यापर्यंत वाहत गेलो. माझ्यापुरतं मी ठरवतो की बेट ज्या दिवशी ज्याच्या दाराशी, त्या दिवशी त्याचं. सिदोरला हे मान्य नसेल तर त्याने वाऱ्यावर दावा लावावा.

कलम दुसरं: हत्यारं. लाकूड तासायची वाकस, रंधे, पटाशा, लांब करवत आणि डांबर उकळायची कढई ही सगळी याच सिदोरला. त्याने आयुष्यभर माझ्याबरोबर होड्या बांधल्या आणि म्हातारपणी प्लॅस्टिकच्या होड्या विकायला लागला. मी त्याला म्हटलं, "सिदोर, अरे ती होडी आहे की आंघोळीचं टमरेल?" तो म्हणाला, "टमरेल बुडत नाही, लाव्रेंती." त्यावर मी सहा महिने त्याच्याशी बोललो नाही, कारण हे त्याने माझ्या तोंडावर म्हणायला नको होतं. का नको होतं ते पुढच्या कलमात आहे. वाकशीचा दांडा माझ्या बापाच्या हाताने झिजलेला आहे. सिदोरने ती भिंतीवर टांगून ठेवू नये. वापरावी, नाहीतर शरम वाटून घ्यावी.

कलम तिसरं: छपरीखाली पालथी घातलेली काळी होडी. ही मी किरिलसाठी बांधली. किरिल म्हणजे उस्तिन्याचा बाप. माझ्याहून तीस वर्षांनी लहान, पण हसायला लागला की आम्ही एका वयाचे. त्याची बायको आजारपणात गेली तेव्हा पोर दोन वर्षांची होती. तो मासेमारीला निघाला की पोर माझ्या अंगणात सोडायचा. म्हणायचा, "काका, हिला चारापर्यंत बघा." मार्चमधल्या एका सकाळी असंच म्हणाला आणि धुक्यात गेला. चार वाजले, पाच वाजले. तिसऱ्या दिवशी होडी आली. एकटी आली, सरळ आली, आत थेंबभर पाणी नाही, वल्ही जागच्या जागी. किरिल आजतागायत आला नाही.

या होडीचा सांधा न सांधा मी तेव्हापासून किती वेळा चाचपला असेल! दोष सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं असंही कधी वाटतं, निदान रडायला एक जागा झाली असती. दुपारी जेवून पडलो की किरिल येतो. अंगणात पाणी आलेलं असतं, गुडघाभर, उन्हाचं ऊबदार पाणी, आणि तो याच होडीत बसून दाराशी येतो. कपडे कोरडे. आत येत नाही. एवढंच विचारतो, "पोरगी जेवली का?" मी म्हणतो, जेवली. मग तो जातो आणि मी जागा होतो तेव्हा अंगणात पाणी नसतं, पण पाय ओले वाटतात. डॉक्टर म्हणतात रक्ताभिसरण. असेल.

ही होडी मी वार्वाराला देतो. वार्वारा म्हणजे किरिलची थोरली बहीण, उस्तिन्याची आत्या, समुद्राकाठच्या मोठ्या शहरात शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिचं म्हणणं आहे की माझ्या होडीने तिचा भाऊ नेला. तिने हवा तो जाणकार आणावा आणि तपासून घ्यावी. मग जाळावी किंवा ठेवावी, मी विचारणार नाही.

कलम चौथं हे कलम नाही, हकिगत आहे. पण न्यायाधीशांनी ती वाचल्याशिवाय शेवटचं कलम कळणार नाही, म्हणून लिहितो.

किरिल गेल्यावर पोर माझ्याकडे राहिली. कुणी आणून सोडली नाही, कुणी न्यायला आलं नाही. ती अंगणात होतीच, ती घरात आली. पालक होण्यासाठी कागद लागतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तिचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला तिला तीनदा पाण्यात बुडवून वर काढणारे हात माझे. आमच्या गावात याहून मोठा कागद कुणी पाहिलेला नाही. तीन वर्षांनी शाळेत नाव घालायला गेलो. पेलागेया बाईंनी अर्ज पुढे केला. मुलीशी नातं या ओळीवर मी ठसक्यात लिहिलं, धर्मबाप. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "लाव्रेंती तिमोफेयेविच, देवाच्या घरी हे चालेल. सरकारदरबारी तुम्ही हिचे कुणीच नाही." मी घरी येऊन तिच्या केसांची वेणी घालायला बसलो. उद्या कुणीही दारात येऊन म्हणालं की चल, तर मी कोण अडवणारा?

मग न्यायालयात अर्ज केला. घर बघायला शहरातून एक तरुण बाई आल्या, हातात पाटीला लावलेले कागद, पायात शहरी बूट, चिखलाने भरलेले. सगळं विचारलं. दूध कुठून आणता, डॉक्टर किती लांब, दारू पिता का. मग म्हणाल्या, "मुलगी झोपते कुठे?"

"चुलीवर," मी म्हटलं.

पेन थांबलं. "चुलीवर?"

"हिवाळ्यात हो. उन्हाळ्यात ओसरीत."

"आणि ती चूल... पेटलेली असते?"

"नाहीतर तिथे झोपून काय उपयोग?"

बाई पांढऱ्या पडल्या. तेवढ्यात उस्तिन्या शिडी चढून आमच्या पुरुषभर उंच मातीच्या चुलीच्या माथ्यावरच्या ओट्यावर गेली, गोधडी झटकली आणि वरून म्हणाली, "तुम्ही पण या ना बाई, तुमचे पाय गार पडलेत." बाई बूट काढून चढल्या. बघते, म्हणाल्या. तासाभराने मीच त्यांना उठवलं, होडी सुटायची वेळ झाली होती. अहवालात त्यांनी लिहिलं: मुलीची निजायची जागा उबदार, कोरडी व समाधानकारक. जाताना धक्क्यावरून ओरडून म्हणाल्या, "आजोबा, सुनावणी निकोलाच्या दिवशी लागली आहे. विसरायची सोयच नाही!"

खरंच नव्हती. संत निकोला म्हणजे पाण्यावरच्या माणसांचा वाली, त्याचा दिवस मी विसरेन? मी पेटीतला सूट काढला, दाढी विंचरली, पोरीला लाल रिबिनी आणि नवे बूट घेतले. आम्ही दोघं होडीने पाच तास गेलो. धुक्यातून सूर्य नाण्याएवढा दिसत होता आणि ती सारखी विचारत होती, "आबा, तिथे काय म्हणायचं?" मी म्हटलं, खरं ते म्हणायचं. न्यायालयाच्या दारात गेलो. तिथल्या कारकुनाने वही उलटली, माझ्याकडे बघितलं, दाढीकडे बघितलं आणि हसायला लागला. "आजोबा, निकोला येऊन गेला की! आज तेरा दिवस झाले."

आमच्या चर्चचं पंचांग जुनं आहे. आमचा निकोला एकोणीस डिसेंबरला येतो, शहरातला सहाला. शंभर वर्षं हे असंच आहे, आणि मला, आयुष्यातल्या प्रत्येक हिवाळ्यात दोन्ही निकोला पाहिलेल्या माणसाला, त्या दिवशी ते सुचलं नाही. समन्सचा कागद निघाला होता म्हणे. टपालाची होडी त्या महिन्यात धुक्यामुळे दोनदा आलीच नाही, कागद मला नव्या वर्षात मिळाला. मी त्या तरुण बाईंना दोष देत नाही. त्या कारकुनाला देतो, कारण तो हसला. उस्तिन्या पायरीवर उभी होती. तिने माझा कोट ओढला. "आबा, झालो का आपण एकमेकांचे?"

मी म्हटलं, "थोडं राहिलंय." इतकं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

सहा तारखेला वार्वारा मात्र गेली होती. जवळची नातलग म्हणून तिलाही बोलावणं होतं. अर्जदार हजर नाही, आत्या हजर आहे, तिला पगार आहे, घर आहे. न्यायाधीशांनी दुसरं काय करायचं? पालकत्व तिला दिलं. जानेवारीत ती हुकूम घेऊन दारात उभी राहिली.

"म्हाताऱ्या, माझा भाऊ तुझ्या होडीत गेला. आता पोरगी पण तुझ्याकडे ठेवू?"

"होडी परत आली, वार्वारा. सरळ आली. पाणीसुद्धा नव्हतं तिच्यात."

"तेच तर! होडी आली!"

पोरीने गोधडी घट्ट धरून ठेवली होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तेवढं माझ्याकडून कुणी करवून घ्यायला नको होतं.

तीन वर्षं गेली. मी होडीवाल्याबरोबर दर महिन्याला धुरावलेले मासे पाठवायचो, डबा घासून पुसून परत यायचा. म्हणजे कुणीतरी खातंय, एवढं कळायचं. त्या तीन वर्षांत मी एकही होडी पुरी केली नाही. फळ्या तासायचो आणि पाण्यात सोडून द्यायचो. सिदोर त्या गपचूप गोळा करून परत आणून ठेवायचा, हेही नमूद करतो.

मग एक दिवस फोन आला. "मी वार्वारा. तुझी लाडकी दहाची झाली. शाळेत कुणीतरी सांगितलंय की दहा वर्षं झाली की न्यायाधीश पोरांनाच विचारतात. आठवडाभर माझं डोकं खाल्लंय. मंगळवारी नऊ वाजता ये. मंगळवारी, कळलं का? कुठल्याही संताच्या दिवशी नाही, मंगळवारी!"

मी सोमवारीच गेलो आणि पायरीवर बसून राहिलो.

न्यायाधीशीणबाईंनी उस्तिन्याला एकटीलाच आत घेतलं. बाहेर एकच बाक. मी एका टोकाला, वार्वारा दुसऱ्या टोकाला. आतून पोरीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसतं पाणी वाहिल्यासारखं. मी सोबत मासे आणले होते, कागद उघडला. ती सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

"काय सांगतेय एवढं?" वार्वारा म्हणाली.

"तुझ्या तक्रारी."

"तुझ्या असतील." मग तिने हात लांब करून एक तुकडा उचलला. "मीठ जास्त झालंय."

"तीन वर्षं खाल्लेस तेव्हा?"

"तेव्हाही जास्तच होतं."

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. पोरगी आत काय बोलली ते मी कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पालकत्व माझ्या नावावर झालं. वार्वाराने विरोध केला नाही. न्यायाधीशीणबाईंनी दोनदा विचारलं, ती दोन्ही वेळा म्हणाली, "पोरगी म्हणते ते लिहा." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ने. होडीत बसताना हात धर तिचा." आणि भिंतीकडे तोंड करून डोक्यावरचा रुमाल बांधायला लागली. बांधला, सोडला, परत बांधला.

तेव्हापासून दर रविवारी फोन करते. "मेलास का रे?"

"नाही अजून."

"मग दे पोरीकडे."

आणि पोरीला अर्धा तास माझे अवगुण ऐकवते. होडीपासून सुरुवात होते. मग दाढी. मग किरिलच्या लग्नात मी अकॉर्डियनसकट कालव्यात पडलो आणि किरिल नवरदेवाच्या कपड्यांत उडी मारून अकॉर्डियन आधी काढायला गेला, मला नंतर. मग किरिल सात वर्षांचा असताना त्याला मी वाकस हातात दिली आणि त्याचं बोट कापलं, ते. फोनमधून आवाज खोलीभर येतो. उस्तिन्या हसून हसून लोळते. मी तोंड फिरवून चहा ओततो. खोटं एकही नसतं, हीच तर पंचाईत आहे.

कलम पाचवं आणि शेवटचं: उस्तिन्या. वरचं लिहून दोन दिवस झाले. तीन नावं होती. सिदोर आणि त्याची बायको, माणसं प्रेमळ, घर जवळ. पेलागेया बाई, शिकलेल्या, पण पुढच्या वर्षी निवृत्त होऊन मुलाकडे जाणार. आणि वार्वारा. वार्वाराचं नाव मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, मागचे कागद कुणाला हवे तर चुलीशेजारी आहेत. शेवटी म्हटलं, ज्या पोरीला न्यायाधीशीण विचारते तिला मीच का विचारत नाही? काल दुपारी माशांचं कालवण जेवताना विचारलं.

"नाही सांगत," ती म्हणाली.

"का गं?"

"नाव लिहिलंस की तुझं काम संपलं. मग तू मरायला मोकळा."

"नाही लिहिलं तरी मरणारच आहे, राणी."

"मग उशिरा मर."

दोन वाडगी कालवण प्यायली. मग भांडी घेऊन कालव्याच्या फळीवर गेली, माझ्याकडे पाठ करून घासायला बसली. धुकं इतकं दाट होतं की तिची वेणी आणि खांदे तेवढे दिसत होते. निम्मी भांडी झाल्यावर तिकडून आवाज आला, "आत्या."

"वार्वारा?" मी म्हटलं. "अगं, ती मला उठता बसता शिव्या घालते!"

"म्हणून तर." भांड्यांचा आवाज थांबला. "सिदोरकाकांकडे तुझं नाव निघालं ना, की सगळे गप्प होतील आणि माझ्या तोंडाकडे बघतील. मग नाव काढायचंच बंद करतील. बाबांचं तसंच झालं. गावात कुणी बाबांचं नावच घेत नाही माझ्यासमोर. आत्या घेते. तुला शिव्या घालते तेव्हा बाबा येतातच त्यात. तू मेल्यावर तर ती थांबणारच नाही, आबा. रोज बोलेल."

ती भांडी घेऊन आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, माझेही असतील.

सबब न्यायालयाला माझी हात जोडून विनंती की माझ्या मृत्यूनंतर उस्तिन्या किरिलोव्हना हिचं पालकत्व तिची आत्या वार्वारा हिच्याकडे देण्यात यावं. मुलीची इच्छा हीच आहे, आणि माझीही आहे. अट एकच. वार्वाराने माझ्याबद्दलचं आपलं मत बदलू नये. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं असं तिला कुणी शिकवायला आलं तर तिने ऐकू नये.

हा कागद मी सबंध माझ्या हाताने लिहिला आहे.

सही: लाव्रेंती तिमोफेयेविच

साक्षीदार (नोटरीबाई म्हणतात कायद्याने लागत नाहीत, मला लागतात):

१. सिदोर इव्हानोविच, होडी बांधणारा. कुंपणाबद्दलचा मजकूर मला मान्य नाही. बाकी सगळं खरं आहे.

२. पेलागेया अनिसिमोव्हना, शिक्षिका. माझ्यासमोर सही केली.

स्थळ: वेर्बिना
दिनांक: १४ ऑक्टोबर